लाडाचा शब्द

२ मार्च, सोमवार

चि. ठमाबाईस,

हे नाव तुला आता आवडत नाही, माहीत आहे. पण पत्राच्या डोक्यावर काहीतरी लिहावं लागतं, आणि पस्तीस वर्षांची सवय एका फोनमध्ये जात नाही. फोन तू उचलत नाहीस. सतरा वेळा केला. अठराव्या वेळी एक बाई म्हणाली की हा नंबर सध्या बंद आहे, आणि तिचा आवाज तुझ्यापेक्षा प्रेमळ होता. म्हणून पत्र. पत्र मधेच कापता येत नाही.

एका शब्दावरून, ठमे! आज सोळा दिवस झाले. मी तो शनिवार उलटासुलटा करून पाहतो आहे, आणि मला त्यात माझा गुन्हा सापडत नाही. तू तिथे नव्हतीस, म्हणून सांगतो. बागेच्या कठड्यावर पोरगी चढली होती. पलीकडे चांगला पुरुषभर खड्डा. मी बाकावरून ओरडलो, "ए माकडा, उतर खाली!" झालं. तिच्याबरोबरची दोन पोरं खिदळली. तुझ्या नवऱ्याने तिला उचलून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि चालू लागला. ना राम राम, ना श्याम श्याम. माझी पिशवी, तिचं स्वेटर, सगळं बाकावर तसंच.

मग तुझा फोन. "बाबा, तुम्हाला कळत नसेल तर मी समजावू शकत नाही. काही दिवस येऊ नका."

काही दिवस म्हणजे किती, हे सांगायला काय झालं होतं?

माकड ही काय शिवी आहे? तू लहान असताना माकडच होतीस. कपाटावर चढून बसायचीस आणि तुझी आई खालून "ए माकडा" म्हणून झाडू दाखवायची. माझी आई मला म्हणायची. आपल्याकडे पोराला माकड म्हटलं नाही तर त्याला वाटेल आपण आवडतच नाही. नात जन्मल्यापासून मी तिला तेच म्हणतो आणि ती माझ्या गळ्यात पडते. तेव्हा कुणाला काही लागलं नाही. आता तुझ्या नवऱ्याला अचानक लागलं. आणि त्याला मराठी कुठून कळलं? सात वर्षांत माझ्या घरी त्याने तोंडातून एक मराठी शब्द काढलेला नाही. तूच भाषांतर करून दिलं असणार. लिफ्टवाला माणूस, वर-खाली करायची त्याला सवय, पण निदान तू तरी डोकं शाबूत ठेव.

स्वेटर धुऊन ठेवलं आहे. कुणाला तरी पाठव, नाहीतर मी आणतो.

तुझे
बाबा


८ मार्च, रविवार

ठमे,

स्वेटर दारावर अडकवून आलो. बेल वाजवली नाही, म्हणजे मी किती समजूतदार आहे ते बघ.

इकडचं सांगतो. लॅबमध्ये माझी चांगलीच जिरली. बस चालवणाऱ्या एक बाई आहेत, पन्नाशीच्या, तुझ्या नवऱ्याच्याच वर्णाच्या. वरचे सगळे दात गेलेले. त्यांची कवळी मी केली, आणि मी म्हणतो म्हणून नाही, पण कवळी झकास झाली होती. दातांचा रंग पट्टीशी चारदा जुळवला. बाईंनी ती लावली, आरशात पाहिलं, काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली.

"दात माझे वाटतात," त्या म्हणाल्या. "हिरड्या कुणाच्या?"

मला आधी कळेना. मग कळलं. त्यांच्या हिरड्या गडद तपकिरी, आणि माझी कवळी गुलाबी, बाळाच्या तळव्यासारखी. ठमे, दातांचे सोळा रंग आहेत आमच्याकडे, हिरड्यांचा डबा एकच येतो. एकतीस वर्षं मी त्याच डब्यातून सगळ्यांना हिरड्या लावतो आहे. किती जणांच्या तोंडात परक्याच्या हिरड्या बसवल्या असतील, देव जाणे. मी म्हटलं, "आजवर कुणी तक्रार केली नाही." त्या म्हणाल्या, "तुम्ही कुणाला विचारलं होतं का?"

डॉक्टरीणबाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी लगेच फर्मान काढलं की दर बुधवारी अर्धा तास सगळ्यांनी बसायचं, आणि वेगवेगळ्या लोकांशी आपण रोज बोलतो कसं ते तपासायचं. मला खुर्चीत बसवून म्हणाल्या, समजा मी पेशंट आहे, मला विचारा. मी विचारलं, "काय दुखतंय?" "तोंडाकडे नाही, माझ्याकडे बघून विचारा," म्हणाल्या. या वयात मला बघायला शिकवतायत. तू असतीस तर हसून मेली असतीस.

आता रंग मिसळून पाहतो आहे. पहिला नमुना शिसवी टेबलासारखा झाला.

तू वाचते आहेस ना? नुसतं 'हो' लिहून पाठवलंस तरी चालेल. कोरं पोस्टकार्ड पाठव. मला तुझं अक्षर पत्त्यात दिसेल.

बाबा


१३ मार्च, शुक्रवार

ठमे,

तू रागावशील, पण लपवत नाही. मी काल शाळेपाशी गेलो होतो. फाटकाशी नाही, समोर. तिथे पाववाल्याची गाडी उभी असते, तिच्या आडोशाला. चोरासारखा. मला फक्त पोरगी एकदा बघायची होती. दुरून. स्वेटर बसतं का बघायचं होतं.

शाळा सुटली. ती आली. मागून पाच-सहा पोरं आली, आणि ठमे, ती पोरं ओरडत होती, "माकड! माकड!"

मराठीत. इथल्या पोरांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा मराठी शब्द ऐकला आणि तो हा. काखा खाजवत, उड्या मारत होती. आणि आपली पोरगी त्यांच्या मधोमध उभी राहून तेच करत होती. सगळ्यांत छान करत होती. तिला वाटत होतं हा खेळ आहे आणि ती त्यात पहिली आली आहे. मग एका पोराने तिच्या केसांत हात घालून काहीतरी शोधल्यासारखं केलं आणि बाकीची जी हसली ना, तेव्हा ती थांबली. तिने आजूबाजूला पाहिलं. कुणीतरी मोठं माणूस आहे का, म्हणून पाहिलं.

मी गाडीच्या मागे झालो.

मी पुढे झालो नाही. नातीने मोठं माणूस शोधलं आणि तिचा आजोबा पाववाल्याच्या गाडीमागे लपला. हे मी तुला का लिहितो आहे, मला माहीत नाही. कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि तुझी आई नाही.

तिच्या वर्गबाईंनी मला पाहिलं. पोरं गेल्यावर त्या रस्ता ओलांडून आल्या. त्यांना माझा राग नव्हता, त्या स्वतःवरच चिडल्या होत्या. जानेवारीत म्हणे त्यांनीच वर्गात एक तास ठेवला होता, 'घरी मला लाडाने काय म्हणतात'. वेगवेगळ्या घरची मुलं एकमेकांना कळावीत म्हणून. कुणी मध, कुणी भोपळा, कुणी काय. आपली पोरगी उभी राहिली आणि तिने आधी मराठीत सांगितलं, मग इथल्या भाषेत अर्थ सांगितला, मग वर्गाकडून तीनदा म्हणवून घेतलं. "माझे आजोबा मला म्हणतात," अशी ऐटीत सांगत होती.

बाई म्हणाल्या, "माझ्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला होता. मी मुलांना रोज सांगते. रोज सांगते."

म्हणजे बागेतल्या त्या दोन पोरांना तो शब्द आधीच माहीत होता. मी ओरडलो आणि त्यांच्या हातात आयतं कोलीत दिलं. आणि तुझ्या नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं होतं.

ठमे, तू मला हे का नाही सांगितलंस? फोनवर एवढंच बोलली असतीस तर? की सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही? मला खरंच आठवत नाही. मी तेव्हा ओरडत होतो.

बाबा


१९ मार्च, गुरुवार

बाळ,

वर्गबाईंकडून कळलं की तुम्ही हे गाव सोडताय. तीस तारखेला, सोमवारी सकाळी. त्याने दूरची बदली मागून घेतली म्हणे. पोरीची शाळा बदलायची म्हणून. म्हणजे माझ्यामुळे. अकरा दिवस राहिले, आणि मला हे पोरीच्या मास्तरणीकडून कळतं.

बसवाल्या बाई आज दुसऱ्यांदा आल्या होत्या. रंग आता जवळ आला आहे, पण हिरडी सगळीकडे एकसारखी नसते, दाताच्या मुळाशी उजळ असते, हे मला त्यांनी ओठ वर करून दाखवलं तेव्हा दिसलं. एकतीस वर्षांत मी असं बघितलंच नव्हतं. मी ब्रश घेऊन बसलो होतो आणि त्या बोलत होत्या. मी धीर करून विचारलं. म्हटलं, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, त्याने आपल्या नातीला लाडाने असं असं म्हटलं. त्याच्या भाषेत तो वाईट शब्द नाही. मग एवढं काय झालं?

त्या म्हणाल्या, "मी नवीन बस चालवायला लागले तेव्हा एक प्रवासी होता. रोज सकाळी चढायचा, 'नमस्कार बाई' म्हणायचा आणि माझ्या तिकिटाच्या यंत्राशेजारी एक केळं ठेवायचा. रोज. तीन महिने. बसमधली माणसं मान खाली घालून हसायची. तक्रार काय करू? माणूस नमस्कार करतो आणि फळ देतो. त्याने तोंडाने एकही वाईट शब्द काढला नाही. एके दिवशी मी ते केळं त्याच्यासमोर सोलून खाल्लं. वाटलं, संपेल. डेपोत जाऊन ओकले. अजून मला केळ्याचा वास सहन होत नाही."

मी ब्रश धुवायला उठलो. तो स्वच्छच होता.

"तुमच्या ओळखीच्या माणसाला सांगा," त्या म्हणाल्या, "शब्द त्याच्या घरात गोड असेल. ती पोर त्याच्या घरात राहत नाही, जगात राहते. आणि नातीला भेटायचं असेल तर आधी तिच्या बापाला भेटा म्हणावं." मग हसल्या. ओळखीचा माणूस कोण ते त्यांना केव्हाच कळलं होतं.

तेव्हा बाळ, माझं चुकलं. घे, लिहिलं. तुला माहीत आहे की हे दोन शब्द तुझ्या आईला माझ्या तोंडून मरेपर्यंत ऐकायला मिळाले नाहीत. माझं चुकलं, मी पुन्हा तो शब्द काढणार नाही, पोरीला नाही, कुणालाच नाही. मी वर्गात येऊन त्या पोरांना सांगायला तयार आहे. पण एक गोष्ट शपथेवर सांगतो, ही तू माझ्या पदरात घाल. हा शब्द मी आयुष्यात कधीही कुणाला वाईट मनाने म्हटलेला नाही.

जाण्याआधी एकदा भेटू दे. अर्धा तास. मी बोलणारसुद्धा नाही, नुसता बसेन.

बाबा


२४ मार्च, मंगळवार

बाळ,

मी आज तुझ्या दाराशी आलो होतो हे तुला माहीत आहे. बेल वाजवली. आत टीव्ही चालू होता, तो बंद झाला. जिन्यात खोकी रचलेली होती, वरच्यावर तुझ्या अक्षरात 'भांडी'. तेवढं अक्षर पाहायला मिळालं.

आतून पोरगी मराठीत म्हणाली, "आई, कोण आहे?"

तू म्हणालीस, "कुणी नाही."

मी पंधरा मिनिटं जिन्यात बसलो. खालच्या मजल्यावरच्या बाई दोनदा दार उघडून बघून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, "कुणाकडे आलात?" मी उठलो.

बाळ, मी पाया पडतो. बापाने लेकीच्या पाया पडू नये म्हणतात, पण मी पडतो. सहा दिवस राहिले आहेत. मला शिव्या घाल, दार उघडून घाल. मी अडुसष्ट वर्षांचा आहे, आणि तुमचं ते नवीन गाव मी नकाशात पाहिलं, तिथे मला पोचताही येणार नाही. पोरगी आठ दिवसांत मला विसरेल. मुलं विसरतात, ते बरंच असतं, पण मला सहन होणार नाही. मला जेवण जात नाही. काल एका पेशंटची खालची कवळी मी वरच्या साच्यात घालून बसलो होतो.

काय लिहू म्हणजे तू उघडशील, ते एकदा सांग. ते लिहितो.

बाबा


२८ मार्च, शनिवार

बाळ,

हे पत्र मी लॅबमध्ये लिहितो आहे. दुपारचे तीन वाजलेत. बाहेर पेशंटच्या बाकावर तुझा नवरा बसला आहे. तो पत्राची वाट बघतो आहे. दाराला काच आहे, त्यातून मला त्याचे बूट दिसतात.

तो दोनला आला. मी साच्यात प्लास्टर ओतत होतो. दारात उभा राहून म्हणाला, "मी आत येऊ का?"

मराठीत. माझ्या हातातलं भांडं पडलं, अजून फरशी पुसलेली नाही.

"माझं मराठी तुम्हाला समजतं का?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, "समजतं."

"तुमचं मला पहिल्या दिवसापासून समजतं."

बाळ, फार चांगलं बोलतो तो. जरा पुस्तकी, प्रत्येक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा. पण ळ बघ त्याचा, आपल्या पोरीपेक्षा स्वच्छ. आपल्या घरी पहिल्यांदा यायच्या आधी आठ महिने तो शिकवणी लावून शिकला होता. तुलाही न सांगता. आम्हाला चकित करायचं होतं त्याला. मग त्या दिवसानंतर तो आमच्यासमोर बोललाच नाही, आणि तुझ्यासमोरही नाही. का, ते पुढे लिहितो.

मग त्याने पिशवीतून पाच पाकिटं काढली. माझी. तू एकही उघडलेलं नाहीस म्हणे, स्वयंपाकघरातल्या खणात टाकलीस. त्याने उघडली. "दुसऱ्याची पत्रं वाचणं चूक आहे," तो म्हणाला, "मी तिला सांगणार आहे." म्हणजे एवढे दिवस मी तुझ्याशी बोलतो आहे असं समजून त्याच्याशी बोलत होतो. लिफ्टवाला वगैरे त्याने सगळं वाचलं. मी त्यावर काहीतरी पुटपुटलो, तर म्हणाला, "लिफ्टवाला ठीक आहे. तो मी आहेच."

आणि त्याने एकोणीस तारखेचं पत्र उघडून माझ्यासमोर ठेवलं, आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

"हे एक वाक्य खोडा. मग मी सगळी पत्रं तिला देतो. आजच देतो. बाकी सगळं मला खरं वाटलं."

मी ओळ वाचली. मला चष्म्याची गरज नव्हती. कोणती ओळ ते मला माहीत होतं.

"का खोडलं ते तिला सांगू नका," तो म्हणाला. "तिला ते माहीत नाही. मी कधी सांगितलं नाही आणि सांगणार नाही. तिला एकच बाप आहे. फक्त माझ्या घरात हे वाक्य येऊ नये."

मी त्याला म्हटलं, बाहेर दहा मिनिटं बसा. तो बसला आहे.

बाळ, शपथेचं ते वाक्य मी खोडलेलं नाही. खोडलं असतं तर तुला नुसती रेघ दिसली असती आणि तू समजली असतीस की म्हाताऱ्याने शाई सांडली. ते तसंच राहू दे. ते खोटं आहे. खरं काय ते खाली लिहितो.

सात वर्षांपूर्वी तू त्याला पहिल्यांदा घरी आणलंस. तू पाणी आणायला आत गेलीस. तो खुर्चीत पुढे सरकून बसला होता, हातावर हात ठेवून, काहीतरी बोलायच्या तयारीत असावा तसा. मला वाटलं अवघडला आहे. मी त्याच्याकडे बघून हसलो आणि हसत हसत, अगदी पाहुण्याशी बोलावं त्या सुरात, तुझ्या आईला मराठीत म्हणालो, "एवढी शिकवली पोरीला, आणि शेवटी हे माकड धरून आणलंन."

लाडाने नाही. तो शब्द माझ्या तोंडात गोड आहे, असं मी तुला पानंच्या पानं लिहिलं. त्या दिवशी मी तो शोधून, निवडून काढला होता. मला त्याचा तोच अर्थ हवा होता जो बसमध्ये केळं ठेवणाऱ्या त्या प्रवाशाला हवा होता. आणि मीही नमस्कार केल्यासारखा हसत होतो.

तोही हसला. मला वाटलं, बिचाऱ्याला कळलं नाही. तू पाणी घेऊन आलीस आणि म्हणालीस, "वा, जमलं वाटतं तुमचं!" आठवतं का तुला? तुझ्या आईने त्या दिवशी ताटाला हात लावला नाही, आणि आपण सगळे समजलो की तिची तब्येत बरी नाही. ती नंतर मला एवढंच म्हणाली, "तो ज्या तऱ्हेने हसला ते मला बरोबर वाटलं नाही. त्याला कळलं असलं तर?" मी म्हटलं, त्याला काय कळतंय. चार दिवस ती माझ्याशी बोलली नाही. मग ती गेली आणि हे माहीत असणारा मी एकटाच उरलो, असं मी धरून चाललो. प्रत्येक वेळी तो आला की मला ते आठवायचं, आणि आठवलं की मी त्याच्याशी आणखीच तुटक वागायचो. माणूस ज्याचं वाईट करतो त्याच्यावरच चिडतो, हे मला आज लिहिताना कळतं आहे.

मघाशी मी त्याला विचारलं, त्या दिवशी तुम्ही काहीतरी बोलणार होतात. काय पाठ करून आला होतात?

तो म्हणाला, "विसरलो."

विसरलेला नाही. सात वर्षांचं सगळं त्याला तारीखवार आठवतं, आणि हेच नेमकं विसरला!

म्हणजे बागेत त्याने माझ्याकडे पाहिलं तेव्हा तो त्याच शब्दाच्या दोन खेपा एकदम ऐकत होता. एक त्याची, एक त्याच्या लेकीची. आणि सहा वर्षं माझ्या नातीला मी लाडाने हाक मारताना तो तिथे बसून ऐकायचा, आणि लाड खरा आहे हे त्याला दिसायचं म्हणून गप्प राहायचा. तुला बाप राहावा म्हणून. मला हे माहीत असतं तर मी काय केलं असतं? काहीच केलं नसतं. मी आणखी एकदा गाडीच्या मागे लपलो असतो.

मी तुझ्याकडे भेट मागत नाही. परवा सकाळी मी स्टेशनवर येणार नाही. पोरीने विचारलं की आजोबा कुठे, तर 'कुणी नाही' म्हणू नकोस, एवढंच. म्हण, आजोबा चुकीचं बोलले आणि त्यांनी कबूल केलं. ती सहा वर्षांची आहे, तिला एवढं कळेल. त्या पोरांना तिला सांगता यायला हवं की शब्द माझा होता, तिचा नव्हता.

मी पाकीट चिकटवत नाही. हे तुझ्या आधी तो वाचणार, मला माहीत आहे. आणि मला भीती वाटते ती त्याचीच. तो हे वाचेल, घडी घालेल, खिशात ठेवेल आणि बाकीची पाच तुझ्या हातात देईल. सात वर्षं त्याने तेच केलं आहे.

म्हणून हे शेवटचं त्याच्यासाठी.

जावईबापू, त्या दिवशी मी ते तुम्हालाच म्हणालो होतो, आणि तुम्हाला लागावं असंच म्हणालो होतो. माझं चुकलं. आता मला वाचवू नका. हे पत्र तिला द्या.